माता रमाई : मातृत्व, ऋण आणि श्रद्धा

७ फेब्रुवारी आणि २७ मे या दोन तारखा आपल्या समाजाच्या दिनदर्शिकेत कायमच्या कोरल्या गेल्या आहेत. पहिली माता रमाईंच्या जन्माची, दुसरी त्यांच्या स्मृतीची. जयंतीच्या दिवशी प्रतिमेला पुष्पहार अर्पण होतो, मेणबत्त्या प्रज्वलित होतात, वंदना होते आणि मुले-मुली पाठ केलेली भाषणे म्हणतात. त्या भाषणांत ‘त्यागमूर्ती’ हा शब्द हमखास येतो. शब्द खरा आहे. परंतु एखादे विशेषण वर्षानुवर्षे उच्चारले गेले की त्याच्या आड माणूस दिसेनासा होतो. रमाईंच्या बाबतीत तसे होऊ नये, असे आम्हांला मनापासून वाटते.

ही स्मरणिका माजी विद्यार्थी वाचतील आणि पालकही वाचतील. त्यांत अनेक माता असतील. म्हणून या लेखात रमाईंचे चरित्र आम्ही एका विशिष्ट बाजूने पाहणार आहोत. ती बाजू आहे त्यांच्या मातृत्वाची. १९१२ ते १९२६ या चौदा वर्षांत त्यांनी पाच मुलांना जन्म दिला आणि त्यांतील चार मुले मातीआड केली. याच काळात पती अनेक वर्षे सातासमुद्रापार होते, घरात पैसा नव्हता आणि माणसे मात्र होती. अशा काळात एका आईने मनाचा तोल कशाच्या आधारावर सांभाळला? कृतज्ञ राहावे असे तिच्यापाशी काय होते आणि तिची श्रद्धा कोठे टिकली? या प्रश्नांची उत्तरे भाषणांतून मिळत नाहीत. ती त्यांच्या जगण्यातून शोधावी लागतात.

वणंद ते भायखळा

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ वणंद नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८९८ साली रमाईंचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे हे दाभोळ बंदरावर हमाली करीत. माशांनी भरलेल्या टोपल्या बंदरावरून बाजारापर्यंत वाहून नेण्याचे ते काम होते. आई रुक्मिणीबाई घर आणि मुले सांभाळून मिळेल त्या मोलमजुरीने संसाराला हातभार लावीत. कोकणातील त्या काळच्या महार कुटुंबाला जेवढी गरिबी वाट्याला येई, तेवढी या घराच्याही वाट्याला आली होती.

रमा लहान असतानाच आई गेली. काही काळाने वडीलही गेले. मागे राहिली ती पोरकी भावंडे. त्यांत सर्वांत धाकटा शंकर होता. गावात त्यांचे पालनपोषण करणारे कोणी उरले नव्हते, म्हणून नात्यातील काका-मामांनी या मुलांना मुंबईला आणले आणि भायखळ्याच्या चाळीत त्यांची सोय केली. ज्या वयात मुलीने आईचा पदर धरून हिंडावे, त्या वयात रमा धाकट्या भावाची आई झाली होती. पुढे त्यांच्या आयुष्यात जे मातृत्व फुलले, त्याचा आरंभ या पोरकेपणात आहे, असे आम्हांला वाटते. आई नसणे म्हणजे काय, हे त्यांना आई होण्यापूर्वीच कळले होते.

सुभेदार रामजी आंबेडकर आपल्या भीमरावांसाठी मुलगी शोधत होते. ती त्यांना भायखळ्यात मिळाली. विवाह झाला तोही भायखळ्याच्या बाजारात. दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत एका बाजूला वधूकडील मंडळी आणि दुसऱ्या बाजूला वराकडील मंडळी बसली. दगडी ओटे हीच बैठक होती आणि पायांखालून गटाराचे पाणी वाहत होते. रमा तेव्हा अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या बापाच्या लेकीचे लग्न बाजारातल्या दगडी ओट्यांवर लागावे, यात आज आपल्याला काव्य दिसेल. त्या दोन घरांना मात्र त्यात फक्त न परवडणारे मंडपाचे भाडे वाचल्याचे समाधान असावे.

परळच्या दोन खोल्या

१९१२ हे वर्ष आंबेडकर कुटुंबाच्या आनंदाचे होते. भीमराव बी. ए. झाले आणि १२ डिसेंबरला पहिला मुलगा यशवंत जन्माला आला. परंतु हा आनंद फार दिवस टिकला नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. घराचा आधारवड कोसळला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव अमेरिकेला गेले. पंधरा वर्षांच्या आसपासच्या रमाबाईंच्या मांडीवर तेव्हा काही महिन्यांचे मूल होते.

पती चार वर्षांनी, ऑगस्ट १९१७ मध्ये परतले. कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास पूर्ण करून ते लंडनला गेले होते आणि तेथील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना यावे लागले होते. बडोद्यात नोकरीच्या निमित्ताने जो अपमान झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी मिळाली आणि महिना साडेचारशे रुपये घरात येऊ लागले. त्या काळच्या मानाने ही रक्कम मोठी होती. एखाद्या घरात या पैशांतून प्रथम लुगडी आली असती, मग दागिने आले असते. या घरात तसे झाले नाही. लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायचा होता आणि त्यासाठी पै-पै साठवणे भाग होते. बाबासाहेब घरखर्चासाठी ठराविक रक्कम देत आणि तेवढ्यात रमाबाई घर चालवीत. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा त्यांच्यापाशी कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य होते, नवल भथेना या स्नेह्याचे कर्ज होते आणि घरातून शिल्लक टाकलेले पैसेही होते. डॉक्टर ऑफ सायन्स आणि बॅरिस्टर या पदव्यांचा हिशेब मांडताना ही तिसरी बाब आपण सहसा धरीत नाही. ती धरली पाहिजे. चुलीवर कमी पडलेले तेल आणि ताटात कमी पडलेली भाकरी यांतून ती शिल्लक पडली होती.

परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्या हे त्यांचे जग होते. दीर लांब होते, सासरे गेले होते, पण घर रिकामे नव्हते. जाऊबाई लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, भाऊ शंकर, स्वतःची मुले आणि अधूनमधून येणारे नातलग अशी तोंडे होती. १९२० ते १९२३ या तीन वर्षांत कमावते मनुष्य घरात असून नसल्यासारखे होते. या काळात आणि पुढेही, रमाबाईंनी शेणाच्या गोवऱ्यांचे भारे डोक्यावरून वाहिले. समाजातील जुनी माणसे सांगत की, त्या हे काम शक्यतो कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा वेळी करीत. बॅरिस्टर होऊ घातलेल्या माणसाची पत्नी गोवऱ्या वाहते, असे कोणी म्हणू नये आणि त्याचे शल्य परदेशी बसलेल्या पतीपर्यंत पोहोचू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. स्वाभिमान आणि माया या दोन्हींचा भार त्या टोपलीबरोबर त्यांनी वाहिला.

चार मुले

यशवंतानंतर गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार अपत्ये झाली. ही चारही मुले बालपणीच गेली. त्यांतील एक मूल गेले तेव्हा कफनासाठी नवे कापड आणायला घरात पैसे नव्हते आणि रमाबाईंनी स्वतःच्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, ही हकिकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती ऐकताना आपले डोळे भरून येतात. पण डोळे भरून आल्यावर आपण पुढे काय विचार करतो, हे महत्त्वाचे आहे.

ही मुले कशाने गेली? दैवाने गेली असे म्हणून थांबता येणार नाही. परळ हा गिरण्यांचा भाग. एकेका खोलीत पाच-सात माणसे, सामायिक नळ, सामायिक संडास, दमट भिंती आणि धूर. मुंबईच्या गिरणगावातील अशा वस्त्यांत बालमृत्यू ही नित्याची गोष्ट होती. तापलेल्या मुलाला चांगला डॉक्टर, पुरेसे दूध आणि कोरडी, उजेडाची जागा मिळाली असती तर कदाचित ते वाचले असते. रमाबाईंना हे तिन्ही मिळवता येण्यासारखी परिस्थिती नव्हती. ज्या माणसाने अर्थशास्त्रात जगातील नामवंत विद्यापीठांची पदवी मिळवली, त्याच्याच घरात अर्थाअभावी मुले दगावली. हे दुःख त्या एका घराचे होते आणि त्याच वेळी ते चाळीतील प्रत्येक घराचेही होते.

इथे आम्हांला किसा गोतमीची आठवण होते. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत हिंडत होती. जिथे कोणी मेलेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. मोहरी प्रत्येक घरात होती, पण मृत्यू न पाहिलेले घर तिला एकही सापडले नाही. परळच्या चाळीत रमाबाईंनी शेजारच्या कोणत्याही खोलीचे दार ठोठावले असते, तर त्यांनाही हेच उत्तर मिळाले असते. मृत्यू सर्वांना आहे हे सत्य किसा गोतमीला कळले. गरिबाच्या मुलाला तो लवकर गाठतो, हे दुसरे सत्य गिरणगावच्या मातांना कळले होते. पहिल्या सत्यापुढे माणसाने नम्र व्हावे. दुसरे सत्य मात्र बदलता येते, आणि ते बदलण्यासाठीच बाबासाहेबांचे सारे आयुष्य खर्ची पडत होते.

जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला. तो सर्वांचा लाडका होता. हा घाव बाबासाहेबांना सहन झाला नाही. पुढच्या महिन्यात कोल्हापूरचे स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले मन मोकळे केले. आपण आणि आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असा आव आणण्यात अर्थ नाही आणि पुढेही कधी सावरू असे वाटत नाही, अशा आशयाचे ते पत्र आहे. अखिल समाजाला धीर देणारा पुरुष इथे फक्त एक बाप आहे. आणि त्या पत्रात आई आहे, न बोलणारी.

या घटनेनंतर आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर होते. एका ओंजळ पाण्याने इतिहास बदलला. त्या दिवशी परळच्या घरात रमाबाई होत्या. मुलाचे दुःख ताजे होते, प्रकृती खालावत होती आणि पती जिवावरच्या कामावर गेला होता. त्यांनी त्यांना अडवले नाही. आपले घर राखावे, दुसऱ्यांसाठी जीव धोक्यात घालू नये, असे म्हणण्याचा अधिकार जर कोणाला असेल तर तो चार मुले गमावलेल्या या आईला होता. तो अधिकार त्यांनी वापरला नाही. आम्हांला यात त्यांच्या श्रद्धेचे पहिले स्पष्ट दर्शन घडते.

पंढरपूरची वाट

रमाबाईंच्या श्रद्धेविषयी आपण बौद्ध जन बोलताना थोडे अडखळतो. म्हणून हा भाग स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. रमाबाई देवभोळ्या होत्या. त्या शनिवारचा उपवास करीत. पतीच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना करीत. त्यांना पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यायचे होते. त्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले नव्हते, कारण ते घेण्याचा दिवस उगवण्यापूर्वीच त्या गेल्या. या गोष्टी झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. इतिहासाशी प्रामाणिक राहणे हेही सम्यक वाचेचेच अंग आहे.

पंढरपूरची इच्छा त्यांनी बोलून दाखवली, तेव्हा बाबासाहेबांनी ती मानली नाही. जो देव आपल्या माणसांना दारातूनच परत पाठवतो, ज्याच्या मंदिरात शिरण्याची मुभा नसल्याने चोखोबाच्या समाधीपाशी उभे राहून हात जोडावे लागतात, त्याच्या दर्शनाला का जावे? आपल्या निष्कलंक वर्तनाने आणि दीनदुबळ्यांच्या सेवेने आपण दुसरे पंढरपूर निर्माण करू, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे होते. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तेव्हा रमाबाईंना जाऊन बारा वर्षे झाली होती. त्यांची ती इच्छा अपुरी राहिली.

अपुऱ्या राहिलेल्या इच्छेचे माणूस काय करतो? कोणी कडवट होतो, कोणी रुसून बसतो. रमाबाईंच्या जीवनात आम्हांला यांपैकी काही आढळत नाही. त्यांची श्रद्धा विझली नाही, तिने जागा बदलली. धम्मात श्रद्धा हे पाच बलांपैकी पहिले बल मानले आहे, पण तिच्याबरोबर वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा ही चार बले सांगितली आहेत. श्रद्धा एकटी असेल तर ती भोळी ठरते, आणि कृतीची जोड मिळाली की ती माणसाला उभे करते. रमाबाईंना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. तरीही देवळाच्या वाटेवर अडलेली त्यांची श्रद्धा माणसांच्या वाटेला लागली. ती कोठे पोहोचली, हे पाहण्यासाठी आपल्याला धारवाडला जावे लागेल.

धारवाडची मुले

वसतिगृहात राहून शिकलेल्या आपणां सर्वांना रमाईंच्या जीवनातील हाच प्रसंग सर्वांत जवळचा वाटावा. धारवाडला दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालत असे आणि त्याची व्यवस्था बाबासाहेबांचे सहकारी बळवंतराव वराळे पाहत. प्रकृतीला उतार पडावा, हवापालट व्हावा म्हणून रमाबाई काही दिवस तेथे राहिल्या होत्या. त्या वास्तव्यातील हकिकत आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते ती अशी.

वसतिगृहाच्या आवारात मुले रोज खेळत असत. त्यांचा गलका रमाबाईंच्या कानांवर पडे आणि त्यांना बरे वाटे. एके दिवशी तो गलका थांबला. दुसऱ्या दिवशीही आवार सुनेसुने. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळले की, सरकारी अनुदान वेळेवर आले नाही, दुकानदार उधार देईना, आणि मुले उपाशी आहेत. भुकेल्या मुलांना खेळण्याचे त्राण नव्हते. रमाबाई आत गेल्या, हातांतील सोन्याच्या बांगड्या आणल्या आणि वराळ्यांच्या स्वाधीन केल्या. त्या गहाण ठेवा किंवा विका, पण मुलांना आधी जेवू घाला, असे त्यांनी बजावले. धान्य आले, चूल पेटली, मुले पोटभर जेवली आणि आवारात पुन्हा गलका सुरू झाला. त्या मुलांनी त्यांना आई म्हटले, आणि रमाबाईंची ‘रमाई’ झाली.

या प्रसंगातील बांगड्यांचे कौतुक सर्वजण करतात. आम्हांला त्याहून मोठी वाटते ती आधीची गोष्ट. मुलांचा आवाज येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. आजारी माणसाला शांतता हवी असते. मुलांचा गोंगाट थांबला म्हणून दुसऱ्या कोणाला बरेच वाटले असते. पण ज्या आईच्या घरातील चार आवाज एकामागून एक कायमचे थांबले होते, तिला मुलांच्या शांततेचा अर्थ ताबडतोब कळला. तिने दाराशी जाऊन विचारले. दुःखाने माणसाचे कान बंदही होतात आणि तीक्ष्णही होतात. रमाईंचे कान तीक्ष्ण झाले होते.

करणीय मेत्त सुत्तात मैत्रीला उपमा दिली आहे ती आईची. आपल्या एकुलत्या एका मुलाचे ती जसे प्राणपणाने रक्षण करते, तसे मन सर्व जिवांविषयी ठेवावे, असा त्याचा भाव आहे. आपल्या शाळेत हे सुत्त आपण कितीदा तरी म्हटले आहे. चार मुले गेल्यानंतर रमाईंनाही एकच मूल उरले होते. एका मुलावरची माया सर्व मुलांपर्यंत कशी पसरते, याचे उदाहरण आपल्याला प्राचीन ग्रंथांत शोधण्याची आवश्यकता नाही. धारवाडच्या त्या आवारात ते घडले.

ऋण

कृतज्ञता या शब्दाचा अर्थ आपण पुष्कळदा आभार मानणे असा घेतो. मंगल सुत्तात कृतज्ञतेची गणना मंगलांत केली आहे, आणि धम्मात कृतज्ञतेबरोबर नेहमी कृतवेदिता येते. केलेले उपकार जाणणे ही अर्धी गोष्ट, त्यांची फेड कृतीने करणे ही उरलेली अर्धी. रमाईंचे सारे जीवन या दुसऱ्या अर्ध्या भागाने भरलेले आहे. पोरक्या मुलीला नातलगांनी घर दिले, याची फेड त्यांनी आपल्या दोन खोल्यांत नात्यागोत्याच्या सर्वांना सामावून केली. लहानपणी त्यांना कोणीतरी जेवू घातले होते, त्याची फेड धारवाडला झाली. ज्याचे देणे असते त्यालाच ते परत करता येते असे नाही. पुष्कळदा ते पुढच्याला द्यावे लागते.

आणि त्यांच्या ऋणाची जाणीव कोणाला होती? ती बाबासाहेबांना पुरेपूर होती. १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’ पत्रातून त्यांनी समाजापुढे आपल्या कार्याचा आणि त्यासाठी मोजलेल्या किमतीचा हिशेब मांडला, तेव्हा त्यात पत्नीचा उल्लेख केला. आपण परदेशी असताना प्रपंचाची काळजी तिने वाहिली, आपल्या पडत्या काळात गोवऱ्यांचे भारे डोक्यावर वाहायला तिने मागेपुढे पाहिले नाही, आणि अशा स्त्रीच्या सहवासात दिवसाकाठी अर्धा तासही आपल्याला घालवता येत नाही, हे त्यांनी आपल्याच वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिले. त्या काळी पत्नीचे ऋण असे चारचौघांत मान्य करणारे किती पुरुष होते? पुढे १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी तिला लाडक्या नावाने ‘रामू’ म्हटले आहे.

दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले, ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. मगध देशाच्या प्राचीन राजधानीचे, तथागतांच्या चारिकेने पावन झालेल्या नगरीचे नाव त्या घराला दिले गेले. परळच्या दोन खोल्यांतून रमाई त्या घरात आल्या, पण त्या घराचे सुख भोगण्याइतकी शक्ती त्यांच्या शरीरात उरली नव्हती. २७ मे १९३५ रोजी तेथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. वय होते अवघे सदतीस. हजारो माणसे अंत्ययात्रेला लोटली. साडेचार महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती ऐकायला रमाई नव्हत्या.

पाच मुलांपैकी जो एक वाचला, तो यशवंत. प्रकृतीने तोही नाजूकच होता. आईने त्याला जपले, जगवले. हेच भय्यासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर भारतीय बौद्ध महासभेची धुरा त्यांनी वाहिली आणि गावोगाव धम्म पोहोचवला. ज्या आईला स्वतः दीक्षाभूमी पाहता आली नाही, तिच्या हातून वाढलेल्या मुलाने धम्मचक्राचा गाडा पुढे ओढला. रमाईंनी श्रद्धेने जे पेरले ते असे उगवले.

आपल्यापुढील प्रश्न

आज वणंदला रमाईंचे स्मारक आहे. महाराष्ट्रातील असंख्य वस्त्यांना त्यांचे नाव आहे. बेघरांना घरकुल देणारी शासनाची योजनाही त्यांच्याच नावाने चालते. ज्या माउलीने आयुष्यातील बहुतेक वर्षे दोन खोल्यांत काढली, तिचे नाव आज हजारो घरांच्या दारांवर आहे. हा गौरव योग्यच आहे.

परंतु आम्हांला एक धोका दिसतो. रमाईंच्या सोसण्याचे गुणगान करता करता आपण सोसणे हाच आईचा धर्म ठरवून टाकतो. मग घरातील आई आजारी असूनही काम करते, तेव्हा आपण तिला रमाईची उपमा देतो आणि आपल्या कामाला निघून जातो. ही कृतज्ञता नव्हे. रमाईंनी पती आणि समाजासाठी जे सोसले ते त्या वेळी अटळ होते. ते पुढच्या कोणत्याही आईवर येऊ नये, यासाठीच ते सोसणे होते. चार मुलांच्या मृत्यूतून आपण शिकायचे ते एवढेच की, आपल्या वस्तीतील कोणत्याही आईला औषधावाचून, दुधावाचून मूल गमवावे लागू नये.

या शाळेत मूल पाठवणाऱ्या माता आम्ही पाहतो. कोणी दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते, कोणी वीटभट्टीवर राबते, कोणी चार घरची धुणीभांडी करते. जून महिन्यात ती मुलाची पेटी घेऊन येते, शर्टाची बटणे तपासते, पेटीत चिवड्याचा डबा ठेवते आणि पाठ फिरवून पदराने डोळे पुसते. मुलाला दूर ठेवणे हाही एक प्रकारचा विरह आहे. हे मूल माझ्यापेक्षा पुढे जाईल, एवढ्याच विश्वासावर ती तो सोसते. हिचे मन रमाईंना नेमके कळले असते. तिच्याही आयुष्यात कधी कधी सगळे एकदम अंगावर येते. आजारपण, कर्ज, पाऊस नसलेले वर्ष, घरातील माणसाचे व्यसन. अशा वेळी तिने श्रद्धा ठेवावी असे सांगणे सोपे आहे. पण धारवाडच्या मुलांना केवळ श्रद्धेने जेवण मिळाले नव्हते. कोणीतरी आवाज थांबल्याचे ऐकले, दाराशी येऊन विचारले आणि हातांतल्या बांगड्या काढल्या, तेव्हा ते मिळाले.

माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. आपण याच पंगतीत बसून जेवलो. ते अन्न कोणाच्या तरी श्रमाचे आणि कोणाच्या तरी दानाचे होते. आपल्या आजूबाजूच्या घरांतील मुलांचा आवाज कुठे थांबला आहे का, याकडे आपले कान असावेत. एखाद्या आईला दवाखान्यापर्यंत सोबत हवी असेल, एखाद्या मुलीची शाळा सुटत असेल, एखाद्या वसतिगृहाचे अनुदान अडले असेल, तर तेथे आपण जावे. आणि घरी आल्यावर, जी आई आपल्यासाठी राबली तिच्यापाशी दिवसातला अर्धा तास बसावे. बाबासाहेबांना तो अर्धा तास मिळाला नाही, याची खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. आपल्याला तो मिळू शकतो.

वणंदच्या त्या पोरक्या मुलीला, परळच्या त्या माउलीला आणि धारवाडच्या त्या आईला आम्हां सर्वांचे कृतज्ञ अभिवादन.